राखीव छत्रीचं ऊन

माणसाला कापडी पंखानं उडायचं खूळ नुकतंच लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. पठारावरच्या रंगरावांकडे एक मोठा पंख होता, एक हेल्मेट होतं आणि पंखाला टांगलेल्या बैठकीखालच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली राखीव छत्री होती. पंख हवेत मिटलाच, तर उपसून फेकायची ती ही.

खंडेनवमीला रंगरावांनी पंखाला झेंडूची माळ घातली, हेल्मेटला कुंकू लावलं आणि छत्रीच्या पिशवीवरही दोन फुलं वाहिली.

"मालक, फुलं राहू द्या," छत्री कळवळून म्हणाली. "तीन पावसाळे मी अशीच बांधलेली आहे. घड्या ओल धरून चिकटल्यात. एकदा सोडा, ऊन दाखवा, नव्यानं घडी घाला."

"माझ्या जिवावर आयती हिंडतेस, वर नखरे!" पंख फिस्कन हसला.

"कधी लागलीच नाही, तिला सोडायची कशाला?" रंगराव म्हणाले. "पडून राहा सुखानं."

चैत्रात रंगराव हवेत असताना उतारावर वावटळ उठली आणि पंख चुरगळून मिटला. रंगरावांनी छत्री उपसून फेकली. तिनं जिवाचा आटापिटा केला, पण घड्या सुटेनात. गाठोड्यासारखी ती त्यांच्यासकट करवंदीच्या जाळीत आदळली.

पाय मोडला, जीव वाचला. "ऐन वेळी हिनं दगा दिला," रंगराव गावभर सांगत सुटले. पंखाला ठिगळ लागलं. छत्री त्यांच्या बायकोनं मिरच्या वाळवायला अंगणात पसरली.

तिथं कडक उन्हात तिच्या घड्या एकेक करून सुटल्या. आत, नव्या छत्रीच्या बंद पिशवीवर रंगराव दोन फुलं वाहत होते.