पहिला धावणारा

"मग सगळ्यात मोलाचा कोण, उस्ताद?"

प्रशील गजभियेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

कामठीच्या हॉकी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून उस्ताद नझीरुद्दीन एका जुन्या स्टिकच्या मुठीला पट्टी गुंडाळत बसले होते. सकाळचे नऊ वाजले होते. सराव आटोपून मुली घरी गेल्या होत्या आणि मैदान रिकामं होतं.

उस्तादांचं वय शहात्तर. प्रशील अकराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली शिकलेला. आता तो सव्वीस वर्षांचा होता, व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता, आणि पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल करणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. यंदाच्या मोसमात चौदा गोल. लीग संपली तेव्हा संघातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून बक्षीसही त्यालाच मिळालं.

"बक्षीस तुला मिळालं," उस्ताद म्हणाले. "आता मला काय विचारतोस?"

"मिळालं म्हणूनच विचारतोय."

उस्तादांनी मान वर केली नाही. पण पट्टीचा वेढा जरा सैल पडला. बोल, असा त्याचा अर्थ होता. प्रशीलला तो ठाऊक होता.

मग त्याने सगळं सांगितलं.

बक्षीस कुणाला द्यायचं हे प्रत्येक संघातले खेळाडूच मत देऊन ठरवणार होते. उपांत्य सामना जिंकल्यावर हॉटेलात जेवताना त्यावरून वाद सुरू झाला. कुणी गोलकीपरचं नाव घेतलं, कुणी कप्तानाचं. बहुतेकांनी प्रशीलचं घेतलं. मग संघातला सर्वांत जुना खेळाडू म्हणाला, माझं मत ऑल्विनला.

ऑल्विन मस्करेन्हस खडकीचा. बचावफळीत खेळायचा. चार मोसम तो आणि प्रशील एकाच खोलीत राहिले होते. त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेमागून पाच जण धावत सुटतात. त्यांतला पहिला थेट चेंडू मारणाऱ्याच्या अंगावर जातो. ते काम ऑल्विनचं. चेंडू दगडासारखा येतो. तो कुठे लागेल, हे धावणाऱ्याला ठाऊक नसतं.

टेबलावर सगळे गप्प झाले. प्रशीलला ती शांतता सहन झाली नाही. चौदा गोल त्याचे होते.

"काय बोललास?" उस्तादांनी विचारलं.

"म्हणालो... धावायला कोणीही चालतो. मारायला माणूस लागतो."

"तो होता तिथे?"

"समोरच बसला होता."

ऑल्विनने ताटातला वरणभात संपवला, ताट उचलून ठेवलं आणि वर निघून गेला. दुसऱ्या दिवशी उठल्यावर त्याने नेहमीसारखा प्रशीलसाठीही चहा मागवला. त्या बोलण्याचा विषय त्याने काढला नाही. प्रशीलनेही काढला नाही. त्याला वाटलं, मिटलं.

अंतिम सामन्यात प्रशीलने एक गोल केला. तेवढाच झाला. शेवटची वीस सेकंद उरली असताना समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बाकीच्यांना अशा वेळी मैदानाच्या मध्यरेषेवर थांबावं लागतं. प्रशील तिथे उभा राहून पाहत होता.

चार वर्षं त्याने ऑल्विनला धावताना पाहिलं होतं. ऑल्विन किंचित डावीकडून जायचा. स्टिक चेंडूच्या वाटेत आणि अंग बाहेर. त्या दिवशी तो सरळ गेला.

"चुकला असेल," उस्ताद म्हणाले.

"तो चुकत नाही, उस्ताद."

...

चेंडू त्याच्या गुडघ्यावर बसला. आवाज मध्यरेषेपर्यंत आला. गुडघ्यावरचं कवच तडकलं होतं. नियम असा आहे, की पहिल्या धावणाऱ्याला चेंडू गुडघ्याच्या खाली लागला तर पुन्हा कॉर्नर. गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर चेंडू बचाव करणाऱ्यांना. चार बोटं खाली लागला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. पंचांनी हात आपल्या बाजूने दाखवला. वेळ संपली.

"आम्ही सगळे धावलो," प्रशील म्हणाला. "गोलकीपरला मिठी मारायला. ऑल्विन वाटेत पडला होता. त्याला वळसा घालून गेलो."

"तूही?"

"मी सगळ्यांत पुढे होतो."

उस्तादांनी पट्टीचं टोक दातांनी तोडलं.

प्रशील आठ दिवसांनी पुण्याच्या इस्पितळात गेला. डॉक्टरांचं म्हणणं होतं, ऑल्विन चालेल, पण पुन्हा खेळणार नाही. ऑल्विनने त्याचं अभिनंदन केलं. पंचांनी बरोबर दिलं होतं ना, गुडघ्यालाच लागला होता ना, एवढं विचारलं. प्रशील हो म्हणाला. माफी मागायचं ठरवून गेला होता. पण तो भलतंच बोलला. पुढच्या मोसमात तुझ्याशिवाय आमचं कसं होणार, असं काहीतरी.

ऑल्विन खिडकीकडे बघत म्हणाला, "होईल रे. धावायला कोणीही चालतो."

रागाने नाही. टोमणाही नव्हता. त्याला ते पटलं होतं.

"ते जास्त वाईट, उस्ताद," प्रशील म्हणाला. "त्याला ते पटलं होतं."

मैदानावर वारा नव्हता. गोलची जाळी तशीच लटकत होती.

उस्तादांनी स्टिक मांडीवरून खाली ठेवली.

"‘धावायला कोणीही चालतो’, हे वाक्य तुझं नाही."

प्रशीलने मान हलवली.

"बारा वर्षांचा होतास. बचावात खेळायचं म्हणून हट्ट धरला होतास. तेव्हा मी तुला ते बोललो. इथेच."

"हो."

"तुझ्या लक्षात होतं."

"हो."

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच काढाल का, ते बघत होतो."

उस्ताद मैदानाकडे बघत राहिले. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांना त्या टोकाचा गोल दिसत असेल की नाही, कुणास ठाऊक.

"तुम्ही भोपाळच्या स्पर्धेत ढाल जिंकलीत," प्रशील म्हणाला. "तुमच्या संघात मोलाचा कोण होता?"

"मी. तसं छापून आलं होतं."

"आणि खरं?"

उस्तादांनी दोन्ही हात समोर धरले. बोटं उघडली. मग एकेक मिटत गेले.

"गोलवर याकूब. बॅकला डिसिल्वा. मधे बळीराम आणि सॅम्युअल. पुढे कादर, हबीब, शंकरन, पिल्ले. डावीकडे पुरुषोत्तम. आणि मी."

दहा बोटं मिटली.

उस्तादांच्या मुठी तशाच हवेत राहिल्या.

"अकरा असतात, उस्ताद."

"ठाऊक आहे."

...

"उंच होता. रेल्वेत कामाला. फार बोलायचा नाही. आमच्या वेळी पायांना कवच नसायचं. कॉर्नरला तोच पहिला धावायचा. अंतिम सामन्यात त्याची नडगी मोडली. आम्ही ढाल घेऊन त्याच संध्याकाळच्या गाडीने निघालो. तो तिथेच इस्पितळात राहिला." उस्ताद थांबले. "गाडीत आम्ही गाणी म्हणत होतो."

"नंतर भेटलात?"

"नाही."

"कुणाला विचारलंत?"

"विचारलं. उशिरा विचारलं. याकूबला आठवत नव्हतं. हबीब तर हसला, म्हणाला, होता खरा कोणीतरी. आता तर विचारायलाही कोणी उरलं नाही."

"छापून आलं होतं ना? त्यात नाव असेल."

"कात्रण आहे. त्यात माझा एकट्याचा फोटो आहे."

मुठी हळूहळू उघडल्या आणि हात मांडीवर पडले.

उस्ताद आपल्याला रागावतील, मारायला स्टिक उचलतील, निदान एखादा मार्ग सांगतील, असं धरून तो नागपूरहून आला होता. आता कुठल्याच गोष्टीची आशा उरली नाही. तो उठला. निघण्याआधी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग तिथेच मातीत बसला.

"उस्ताद," तो खाली बघत म्हणाला, "तो मला माफ करेल?"

उस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला.

"मला कसं कळणार, बेटा? मला माझ्या धावणाऱ्याचं नावही आठवत नाही."