आवाज मात्र खारीचाच

फार मागे एका रानात जुना उंबर होता. त्यावर खारी, बुलबुल, धनेश, वटवाघळं अशी नाना बोलींची बिऱ्हाडं राहत. रानसभेसाठी सगळ्यांनी मतं देऊन भृंगराज पक्ष्याला निवडलं, कारण तो हुबेहूब प्रत्येकाच्या आवाजात बोलायचा.

"आपलं म्हणणं आता आपल्याच आवाजात पोचेल," म्हातारी खार म्हणाली.

सभेत प्रश्न निघाला, अजगराला राहायला कुठलं झाड द्यायचं? खार मुद्दाम ऐकायला गेली होती. अजगराशेजारी बसलेला भृंगराज उठला आणि थेट तिच्या आवाजात म्हणाला, "आमचा उंबर द्या. आमची काही हरकत नाही."

ढोलीतली पिल्लं आठवून खार किंचाळली, "नको! नको!"

अजगर उंबराच्या वाटेला लागलाही होता. सभापती घुबड कौतुकानं हसलं, "नक्कल झकास करता हो, बाई! पण खारींचं म्हणणं आम्ही आत्ताच ऐकलं."