शेवटच्या माणसाला किती वॅट?

"म्हणजे मला वॅटसुद्धा कळत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

विश्वजित थोरबोले नुसता तणतणत होता. पुण्याहून साउंडचा डिप्लोमा घेऊन आलेला गडी, आणि रमजानचाचांनी चार महिने त्याला काय काम दिलं? वायरी गुंडाळायचं! आज ग्रामसभा होती. आजही मिक्सरला हात लावायचा नाही म्हणे.

"तसं कुठं म्हनलो?" चाचा म्हणाले. चाळीस वर्षं आसपासच्या गावांत त्यांचाच लाउडस्पीकर वाजत होता. "सांग की."

"वॅट म्हणजे ताकद. वूफर जाड आवाज काढतो, ट्वीटर बारीक. माईकचा आवाज किती उचलायचा, तो गेन. अजून काय सांगू?"

"ह्या चावडीच्या अंगणात शेवटच्या माणसाला किती वॅट लागतील?"

"दोन हजार."

चाचांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली.

"लाव."

विश्वजितनं त्यांचे दोन जुने कर्णे खाली उतरवले आणि चार मोठे बॉक्स चढवले. माईक ओठाला लावून तो "हॅलो, चेक, चेक" म्हणाला. पत्रे थरथरले. बघा म्हणावं आता!

सभा सुरू झाली. सरपंचांचा आवाज गडगडला. त्या दणक्यात शेजारच्याचं ऐकू येईना, म्हणून माणसं आपापसात ओरडून बोलू लागली. विश्वजितनं आवाज वाढवला. माणसांनीही वाढवला. काय अडाणी लोक आहेत, तो मनात म्हणाला.

मग गोदाक्काचं नाव पुकारलं. वरच्या वस्तीची ही म्हातारी तीन वर्षं प्रत्येक सभेत हात वर करत होती आणि तीन वर्षं तिला कुणी बोलू दिलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिची पाळी आली होती.

ती माईकपासून हातभर लांब उभी राहिली, तोंडावर पदर धरून. ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही.

विश्वजितनं गेन चढवला. त्याबरोबर माईकला बॉक्सचाच आवाज ऐकू जाऊ लागला आणि कान फाटेल अशी शिट्टी घुमली. लोक कानांवर हात ठेवून हसू लागले.

"आक्का, तोंड जवळ आणा!" विश्वजित खेकसला. "एवढं साधं कळत नाही?"

गोदाक्का आणखी एक पाऊल मागं सरकली.

"बसा आक्का," सरपंच म्हणाले. "पुढच्या सभेत बघू."

म्हातारी वळली. ग्रामसेवकानं वहीत काही न लिहिता पान उलटलं.

चाचा उठले. भिंतीपाशी गेले आणि त्यांनी प्लग उपटला.

"चाचा! डोकं फिरलंय का तुमचं?"

विश्वजितची ती ओरड उघडी पडली. बॉक्स बंद, अंगण गप्प. दोनशे माणसं मान वळवून बघत होती…

"बोल, आक्का," चाचा म्हणाले.

"वरच्या वस्तीच्या नळाला…" आवाज सुतासारखा बारीक होता. पुढं वाकून बसलेल्या एका बाईनं बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून मनगट दाबून धरलं. "तीन उन्हाळं झालं, पानी न्हाई. वरच्या अंगाला लाइन फोडून दुसरीकडं वळवलीया. मी दावते कुठं ते."

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यानं कानामागचा हात खाली घेतला.

"ऐकलं!" तो ओरडला. "ल्ह्या ते वहीत!"

"ल्ह्या!" मागची सगळी रांग उभी राहिली.

सरपंचांनी इकडं तिकडं पाहिलं. ग्रामसेवकानं उलटलेलं पान परत मागं घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं.

विश्वजितचे कान तापले होते. कुणाचा राग यावा तेही त्याला कळेना. त्यानं प्लगसाठी हात पुढं केला.

चाचांनी प्लग त्याच्या तळहातावर ठेवला.

"आता सांग, इंजिनेर. शेवटच्या माणसाला किती लागले?"