धैर्यशीलराजांची लस आणि वेणूची आई

विमान उतरलं खरं, पण विमानतळाचं दार उघडायचं सोडून शिपायानं आतून दुसरी कडी घातली. आत उभी असलेली वेणू दाराकडे धावली!

वेणू राजाच्या लसघरात सुया उकळायची. भांडं पडलं तरी दचकणारी पोर! दोन वर्षांपूर्वी सुईणपण करायला परमुलखात गेलेली तिची आई आज परतली होती आणि त्या कडीपलीकडे अडकली होती. वेणूनं हाका मारमारून घसा बसवला, पण विमानाच्या घरघरीत उत्तर कुठलं ऐकू येणार!

साथ आल्यापासून धैर्यशीलराजे तोंडाला तीन-तीन फडकी बांधून विमानतळावरच दरबार भरवत. वेणू त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या आईनं पत्रात कळवलंय, तिनं दोन्ही लशी घेतल्यात. तपासणीतही काही निघालं नाही!"

"परक्या लशी त्या! आमच्याच राज्याची हवी."

"मग टोचा की!"

"हे दार म्हणजे राज्याची वेस. आमची लस वेशीबाहेर न्यायची नाही, असा हुकूम आहे."

"मग आईला आत घेऊन टोचा."

"बिनटोचलेलीला आत? वेडी की काय!" राजे फडक्यांआडून गरजले. "वेशीच्या आत पाऊल न टाकता वेशीच्या आत टोचून दाखव! नाहीतर सूर्यास्ताला विमान तिला घेऊन माघारी!"

दरबारी फिदीफिदी हसले. वेणूनं डोळे पुसले आणि दाराशेजारच्या भिंतीतल्या खिडकीकडे बोट केलं.

"आई बाहेरच उभी राहील, महाराज. दंड तेवढा आत घेऊ."

"म्हणजे बिनटोचलेला दंड राज्यात आलाच की!" प्रधानजी ओरडले.

वेणू दचकली, पण मागे सरली नाही. "प्रधानजी, मघाशी व्यापाऱ्यांचे नजराणे घ्यायला महाराजांचा हात याच खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर गेला होता. महाराज परदेशी जाऊन आले म्हणायचं, तर आता त्यांना चौदा दिवस कोंडायचं कुठं? आणि महाराज इथंच होते, हात तेवढा गेला म्हणायचं, तर माझी आईही बाहेरच, हात तेवढा आत!"

प्रधानजी राजांच्या हातापासून हळूच दोन पावलं सरकले.

ते पाहून राजे असे खो खो हसले, की तिन्ही फडकी सुटून गळ्यात आली! "उघडा ती खिडकी! तिला टोचा आणि मग दारही उघडा! आणि पोरी, आजपासून लसघराची मुखत्यार तू!"

खिडकी उघडली. वेणूनं बसक्या घशानं हाक मारली, "आई!"

हिरव्या बांगड्यांचा हात सर्रकन आत आला.

"अगं, किती ओरडशील? टोच लवकर, भूक लागलीय मला!"