युवराज कोणाच्या बाजूनं?

डोंगरांपलीकडे सोनगिरी आणि कंकपूर या शेजारी राज्यांत लढाई जुंपली आणि इकडे भद्रसेन राजाच्या पेठेत माणसं हमरीतुमरीवर आली. भिवरा कोष्टिणीचा नवरा म्हणे, "आगळीक सोनगिरीची!" तिचा भाऊ म्हणे, "आधी डिवचलं कंकपूरनं!"

राजाच्या कानावर हे गेलं. त्यानं दोघांना मुसक्या बांधून दरबारात आणलं आणि भिवराला बोलावलं.

"यांतला एक शत्रूचा हस्तक आहे. कोण ते तू सांग, त्याचं डोकं उडेल. गप्प राहिलीस, तर दोघांचंही."

  भिवरानं राजाशेजारी बसलेल्या युवराजाकडे पाहिलं.

"महाराज, युवराजांना कोणाच्या बाजूनं लढायला पाठवताय, तेवढं सांगा. मग शत्रूचा माणूस मी दाखवते."

राजा ताडकन उठला. "त्यांच्या लढाईत माझ्या पोरानं का मरावं?"

"मग माझ्या माणसांनी तरी का मरावं, महाराज?"

राजा पुन्हा खाली बसला. त्यानं दोघांना सोडायला सांगितलं.

घरी जाताना नवरा आणि भाऊ पुन्हा वाद घालू लागले. भिवरानं त्यांना खुशाल घालू दिला.