भगीरथाची उघड बोली

आमच्या घरात एक नियम होता. थोरल्यांनी सांगितलं की करायचं, का ते विचारायचं नाही. मी रोज विचारायचे आणि रोज बोलणी खायचे. नियम मनापासून पाळणारा एकच. चिंचखेड गावात एक भोळा भाऊ होता आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला होता. नाव भगीरथ.

तालुक्याच्या कॉलेजात शेतीव्यवसायाचा अभ्यासक्रम सुरू झाला. मी बी.ए. झालेली, मला तो करायचा होता. तात्या, म्हणजे आमचे चुलते, म्हणाले, "पोरीला बाजार कशाला कळायला हवा? तिला स्थळं बघू. भगीरथ जाईल." आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मान डोलावली.

भगीरथ गेला.

घोलपसरांनी शिकवलं, "मालाची प्रतवारी करा. मोठा एकीकडे, बारका एकीकडे, डागी बाजूला."

घरी सत्यनारायण होता. आबा म्हणाले, "पाहुण्यांना नीट बसव." भगीरथने जाडे ओसरीवर बसवले, बारके अंगणात. आत्याच्या यजमानांच्या गालावर भाजल्याचा डाग होता. ते गोठ्यात.

"भगीरथा, मी इथं का रे?"

"डागी बाजूला असतं, मामा."

तात्यांनी झापलं. "निवडानिवड करायची नाही. सगळे आपलेच. एका पंगतीत बसवायचे."

"बरं, तात्या."

दुसऱ्या दिवशी टोमॅटो भरायचे होते. पिकलेले, हिरवे, नासके, सगळे एका क्रेटात. बाजारात पोचेपर्यंत क्रेटातून रस गळत होता. आबांनी लाजेकाजेनं व्यापाऱ्याशी रुमालाखाली बोटं दाबून, भाव कुणाला कळू न देता, सौदा उरकला.

भगीरथने हे वर्गात सांगितलं. घोलपसर तापले. "झाकून सौदा करायचा नाही. भाव उघड बोलायचा. घेणाऱ्याला विचारायचं. नको म्हणाला, तर माल परत गाडीत भरायचा."

"बरं, सर."

घरी आल्यावर आई म्हणाली, "म्हशीला पेंड दे." भगीरथ घमेलं घेऊन म्हशीपुढे उभा राहिला. "घेतेस का?" म्हैस काही बोलेना. त्याने पेंड परत पोत्यात भरली. म्हैस रेकून रेकून थकली.

आईने कपाळावर हात मारला. "अरे, म्हशीला बोलता येतं का? ज्याला बोलता येतं, त्याला विचारावं."

"बरं, आई."

आणि मग मला बघायला पाहुणे आले. लग्न करायचं नाही, असं मी सांगून सांगून थकले होते. कुणी ऐकलं नाही. माझ्या हातात पोह्यांचा ट्रे दिला.

पोहे झाले. तात्या आणि मुलाचे वडील मागच्या पडवीत जाऊन कुजबुजू लागले. भगीरथ त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला. मग ओसरीवर आला आणि लिलावातल्यासारखा ओरडला, "मुलगा मोटारसायकलला द्यायचाय. वर सोन्याची अंगठी."

तात्या धावत आले. "गप रे. हे असं उघड बोलायचं असतं का?"

"झाकून सौदा नाही, तात्या." तो माझ्याकडे वळला. "ताई, तुला बोलता येतं. घेतेस?"

"बोलू नकोस हं," आबा मला म्हणाले.

"नाही घेत," मी म्हणाले. "हा नको, दुसराही नको. मी कॉलेजात जाणार."

भगीरथने मान डोलावली. नवऱ्या मुलाला काखेत हात घालून उचललं, अंगणातल्या पाहुण्यांच्या जीपमध्ये मागे ठेवलं आणि फळी लावून घेतली.

"वाईट वाटून घेऊ नका," तो मुलाच्या वडिलांना म्हणाला. "दुसऱ्या बाजारात खपेल."