तीन थरांची वीट

"माझ्या स्लरीत पाणी कुणी ओतलं?"

डॉक्टर शार्दूल बर्वे ओरडतच शेडमध्ये शिरले. सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत हे. रसायनातले, परदेशातून पदवी आणलेले. आमच्या एमआयडीसीत येऊन तीन महिने झाले होते, पण रागावण्याचा अनुभव तीस वर्षांचा.

उस्मानचाचा टाकीशी उकिडवे बसले होते. मान वर झाली नाही.

आमचं काम काय, तर सिरॅमिकची वीट घ्यायची. मधाच्या पोळ्यासारखी, आरपार बारीक भोकांची. प्लॅटिनमच्या स्लरीत, म्हणजे पातळ लगद्यात, बुडवायची. स्लरी ताकाएवढी दाट. वर काढून जास्तीची स्लरी वाऱ्याच्या नळीने फुंकून परत टाकीत पाडायची. मग भट्टी. भोकांच्या भिंतींवर राहतो तो थर. रंगाच्या कारखान्यातून निघणारा विषारी वास त्या भोकांतून गेला की थराला लागून जळतो. ना ज्योत, ना ठिणगी. कसा जळतो ते मला विचारू नका, मी फक्त विटा वजन करतो.

चाचा एका विटेला एकच थर देत. बावीस वर्षं. त्याआधी दारोदार हिंडून भांड्यांना कल्हई करत, हात तोच.

डॉक्टरांनी त्यांच्याकडून एका विटेला तीन थर चढवून घेतले होते. तिप्पट माल, तिप्पट काम. महिनाभर दोन्ही विटा एकाच कारखान्याच्या धुराड्यात, शेजारी शेजारी. आज मोजणी झाली. चाचांच्या विटेने शंभरातले ब्याण्णव भाग वास जाळला होता.

डॉक्टरांच्या विटेने... ब्याण्णव.

"अशक्य!" डॉक्टरांचे कान लाल. "तिप्पट प्लॅटिनम आणि फरक शून्य? थर यांनी दिलेत. यांनीच स्लरी पातळ केली. माझी पद्धत हाणून पाडायची होती यांना!"

मालकीण नलूताई मागोमाग आल्या होत्या. बाई प्रेमळ, पण शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटतं.

"चाचा," त्या म्हणाल्या, "हे खरं असेल तर उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मी तोंड उघडलं. वजन मीच केलं होतं; थरांचं वजन तिपटीहून एक गुंजसुद्धा कमी नव्हतं. चाचांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. खरं सांगतो, मलाही मजा बघायची होती.

चाचा उठले. हात धुतले. गमछ्याला पुसले.

"डाक्टरसाहेब, कल्हई करताना कथलात शिसं मिसळणारे पुष्कळ होते. स्वस्त पडतं. चकाकतंही. भांड्यात लोकांची पोरं जेवतात, हे त्यांच्या ध्यानात नसायचं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"मी कधी मिसळलं नाही. उपाशी होतो तेव्हाही नाही. आणि तुम्ही मला पाणी घालणारा म्हणता?"

आवाज चढला नव्हता. पण एक शब्द सुटू नये म्हणून टाकीवरचा पंखा मी बंद केला.

"मग दाखवा!" डॉक्टर म्हणाले. "पुरावा दाखवा!"

"तुमची वीट द्या."

डॉक्टरांनी वीट दिली. तान्हं पोर द्यावं तशी, दोन्ही हातांनी.

चाचांनी ती फरशीवर ठेवली, हातोडी घेतली... आणि हाणली.

नलूताई किंचाळल्या. डॉक्टर किंचाळले. मीही किंचाळून घेतलं, मागे का राहायचं?

"वेडे झालात? महिन्याची मेहनत होती माझी! म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीत का?"

चाचांनी एक तुकडा उचलला. खिशातून सोनाराचं भिंग काढलं. दोन्ही डॉक्टरांपुढे धरली.

"कड बघा. थर किती?"

डॉक्टर धुसफुसत वाकले.

"...तीन."

"जाड की पातळ?"

"...जाड."

"पाणी?"

डॉक्टरांनी तुकडा उलटा करून पाहिला. नलूताईंनी पदराने उगाच कपाळ पुसलं.

"आता रंग बघा. वरचा थर?"

"तपकिरी. धुराने डागळलाय."

"मधला?"

डॉक्टरांनी भिंग पुढे नेलं, मागे आणलं. तुकडा फिरवला. दुसरा तुकडा उचलला, तिसरा उचलला.

"भट्टीतून निघाला तसाच आहे," ते हळूच म्हणाले. "खालचाही. धूर इथवर... पोचलाच नाही. वरच्या थरातच सगळा संपला."

"कोणाला ठेवू मग, डॉक्टर?" नलूताईंनी विचारलं.

"त्यांना." दात आवळून का होईना, माणूस बोलला. "पाणी कुणीही घातलं नव्हतं. चूक माझी होती."

चाचा पुन्हा टाकीशी जाऊन बसले. नवी वीट बुडवली, वर काढली, नळी लावली. जास्तीची स्लरी भसाभसा टाकीत पडू लागली.

ते बघून डॉक्टरांचा राग पुन्हा उसळला. माणसाला एकदम हरायला जमत नाही.

"पण चाचा, तुमचा हा एवढासा थर! रोज धूर खाणार, रोज झिजणार. चार वर्षांत संपेल तो!"

"संपणार."

"आणि माझे खालचे दोन थर? ते किती टिकले असते, सांगा ना!"

चाचांनी विटेच्या भोकांतून उजेडाकडे पाहिलं.

"कयामतपर्यंत, साहेब. त्यांना भेटायला कोणी जातच नव्हतं."